हात न दाखवणाऱ्यांचे शहर

९ जानेवारी

बाबा,

पत्राच्या आरंभी वडिलांना नमस्कार लिहायचा असतो. तो लिहिला आहे असे धरून चाला. 'त्या शहरात जाणार असशील तर मला पत्रसुद्धा टाकू नकोस,' असे तुम्ही बजावले होते आणि नमस्कार हा पत्राचाच भाग असल्यामुळे तोही त्या बंदीत येतो. खालचा मजकूर मात्र पत्र नव्हे. तो अहवाल आहे. शत्रूच्या गोटात शिरलेल्या माणसाने आपल्या लोकांना धाडावा तसा.

सर्वप्रथम नम्रपणे सांगते, की या शहराविषयी तुमचे मत चुकीचे होते. ते फारच सौम्य होते. 'तिथं माणसं राहत नाहीत, भाडेकरू राहतात,' असे तुम्ही म्हणत आलात. बाबा, भाडेकरू परवडला, तो निदान घरमालकाशी भांडतो. इथले लोक भांडत नाहीत, कळवतात. माझ्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना माझ्या दाराच्या करकरीचा त्रास झाला, तेव्हा त्या चार पायऱ्या उतरून 'अगं, दार जरा हळू लाव की,' असे म्हणाल्या नाहीत. त्यांनी इमारतीच्या कार्यालयाला लेखी कळवले. कार्यालयाने मला लेखी कळवले. मी बिजागऱ्यांना तेल घातले आणि तसे कार्यालयाला लेखी कळवले. त्याच संध्याकाळी बाई जिन्यात भेटल्या आणि हसून म्हणाल्या, "गारठा वाढलाय, नाही?" आपल्याकडे एवढ्या कारणावरून दोन घरांत नातवंडांपर्यंत पुरेल असे वैर झाले असते. त्या वैरात केवढी ऊब असते, हे या लोकांना कसे कळावे?

आता मूळ विषयाकडे, म्हणजे वाहनचालनाकडे येते. शहराची परीक्षा त्याच्या चौकात करावी, हे तुमचेच सूत्र. आपल्या शहरात चालक गाडी थांबवतो आणि हात दाखवतो: या, आधी तुम्ही. पादचारी मान डोलावतो, कधी थांबून दोन शब्द बोलतो, आणि त्या दोन शब्दांपायी मागे गाड्यांची रांग लागली तरी कोणी मनावर घेत नाही. तुम्ही तर भर चौकात काच खाली करून लोकांच्या गुडघेदुखीची चौकशी करता. इथला चालक पट्ट्यापाशी थांबतो आणि पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा समोर बघत राहतो. पादचारीही त्याच्याकडे पाहत नाही, फक्त सिग्नलकडे पाहतो. नवी असताना मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना हात दाखवला, तर ते दचकून मागे सरले आणि मी हात कोणाला दाखवते आहे ते पाहायला वळले!

याचे कारण मी विचारून घेतले. ते असे, की आपला हात फक्त आपल्या गाडीपुरते बोलतो. शेजारच्या रांगेतून येणाऱ्या गाडीने त्या हाताला काहीही वचन दिलेले नसते. ज्याला आपण 'या' म्हणतो तो आपल्यावर विसंबून दुसऱ्याच्या चाकाखाली जातो. म्हणून शिकाऊ चालकाला इथे पहिल्याच तासाला सांगतात, की थांबा, पण बोलावू नका. ऐकताना मला हसू आवरले नाही. (हे कारण मी इथल्या शिकाऊ चालकांच्या वर्गात फार चांगले समजावते असे म्हणतात. पण तो पगाराचा भाग झाला.)

जाता जाता एक. दादाचा फोन आला होता. औषधांच्या दुकानापुढच्या खांबाविषयी त्याने सांगितले. "बाबा म्हणतात खांबच पुढं सरकलाय," असे तो म्हणाला. तुम्ही शिकाऊ मुलांना वाकड्या अंगणाची जी म्हण ऐकवता, ती मी इथे लिहीत नाही. एवढेच विचारते: ओरखडा गाडीच्या कोणत्या बाजूला आहे?

तुमची बंदी पाळणारी,
मुलगी


२८ जानेवारी

बाबा,

तुमचे कार्ड मिळाले. 'अहवाल पोचला. तिथे खांबांना माणसे धडकत नसतील, कारण माणसांनाच खांब केले आहे. ओरखडा डावीकडे. तुला काय करायचे आहे?' हा मजकूर मी तीनदा वाचला. माणसांना खांब करण्याची कल्पना उत्तम आहे. मला सुचायला हवी होती.

ओरखडा डावीकडे. मी दादाला अधिक विचारले. (त्याला बोलू नका. तो फोनवर खोटे बोलू लागला की शिंकतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.) त्याच्याकडून असे कळले, की खांबाच्या आधी पाववाल्याची हातगाडी झाली आणि तिच्याही आधी आपल्या गाडी शिकवण्याच्या शाळेचे फाटक. सगळे डावीकडून. बाबा, खांब, हातगाडी आणि फाटक या तिघांनी मिळून एकाच बाजूने कट करावा, इतकी एकी आपल्या शहरात कधीच नव्हती.

तुम्हाला विषयाच्या मुळाशी जाऊन समजावलेले आवडते, म्हणून समजावते. डोळ्यांचे काही विकार असे असतात की समोरचे बारीक अक्षर लख्ख दिसत राहते आणि कडेचे जग पुसले जाते. यातली खरी गंमत पुढे आहे. पुसल्या गेलेल्या जागी काळोख दिसत नाही. काळोख दिसला असता तर माणूस घाबरून वैद्याकडे गेला असता. पण आपला मेंदू हा मोठा सांभाळून घेणारा प्राणी आहे. तो रिकाम्या जागेत आजूबाजूचाच रंग भरून टाकतो. खांबाच्या जागी रस्ता काढून दाखवतो. म्हणजे माणसाला दिसत नाही आणि दिसत नाही हेही दिसत नाही. किती सुंदर आणि किती भयंकर योजना आहे! मी हे वर्गात फळ्यावर काढून दाखवते तेव्हा मागच्या बाकावरचेसुद्धा जांभई अर्धी सोडून ऐकतात.

तुमच्याविषयी मी काहीच म्हणत नाही. एक आमंत्रण मात्र देते. या शहराचा तिरस्कार करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, परंतु न पाहता केलेला तिरस्कार कच्चा असतो. इथे या, डोळ्यांनी पाहा आणि पक्का करून घेऊन जा. माझ्याकडे शिकवण्याची गाडी आहे, तुमच्या गाडीसारखीच, शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असलेली. तुम्हाला चालवायला देईन. येताना मात्र दादाला गाडी चालवू द्या. हे वाक्य मी गंभीरपणे लिहिले आहे. शाळेच्या पाटीवर तुमच्या नावापुढे 'आणि चिरंजीव' असे ज्याच्यासाठी लिहिले, तो चिरंजीव गाडी मागे घेताना अजूनही खाली उतरून बघून येतो, हे मला ठाऊक आहे. पाटीचा विषय मी काढणार नव्हते. काढला नाही असे समजा.

मुलगी


१६ फेब्रुवारी

बाबा,

तुम्ही परत घरी सुखरूप पोचल्याचे दादाकडून कळले. पोचताच तुम्ही कट्ट्यावर जाहीर केलेत म्हणे, की त्या शहरातल्या लोकांना रस्ता ओलांडायलासुद्धा येत नाही, हात दाखवला तर पुतळ्यासारखे उभे राहतात. कट्ट्याने माना डोलावल्या असतील. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपल्या कट्ट्याच्या घटनेतले पहिले कलम आहे.

माझ्या खोलीविषयी तुम्ही केलेल्या टीकेशी मी सहमत आहे. "एवढ्याशा जागेत माणूस वळतो कुठं?" असे तुम्ही विचारलेत तेव्हा मी "वळत नाही बाबा, मागे घेतो," म्हणाले आणि तुम्ही इतक्या दिवसांनी हसलात. त्या हसण्यासाठी मी याहून लहान खोलीही भाड्याने घेतली असती. पण त्याच हसण्यामुळे मी नंतर जे बोलायला हवे होते ते बोलले नाही. म्हणून आता, चौकात काय घडले ते क्रमाने लिहिते. तुमच्या वर्गात तुम्ही हेच शिकवलेत: अपघाताची उजळणी घडलेल्या क्रमाने करायची, लाजेच्या क्रमाने नव्हे.

पिशवीवाली एक बाई डाव्या फुटपाथवर उभी होती. ती लांबून तुम्हाला दिसली आणि तुम्ही थांबलात. आपल्याला सिग्नल हिरवा होता, तरीही थांबलात. सिग्नलचा खांब इथे डाव्या कडेला असतो. मग मान तिच्याकडे वळवून तुम्ही हात दाखवलात.

"या बाई, या!"

ती जागची हलली नाही.

"अहो या ना, मी थांबलोय तुमच्यासाठी! बहिरी आहे का गं ही?"

"बाबा, तिला लाल आहे."

"मी सांगतोय ना तिला, जा म्हणून!"

"तुम्ही सिग्नल नाही, बाबा."

"वा! म्हणजे तुमच्या गावात माणसापेक्षा दिवा मोठा. राहा म्हणावं उभी. मुळं फुटतील."

असे म्हणून तुम्ही रागाने समोर पाहिलेत आणि पहिला गिअर टाकलात. तेवढ्यात सिग्नल बदलला होता. तिला हिरवा मिळाला होता आणि ती निघाली होती, आपल्या गाडीच्या डाव्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर. बाबा, तुमची मान तिच्याकडे होती तोवर ती बाई जगात होती. तुम्ही समोर पाहिलेत आणि ती पुसली गेली. तुम्ही क्लच सोडलात.

ब्रेक मी दाबला. आपल्या पायाखालचे पेडल आपण न दाबता खाली गेलेले तुम्हाला कळले नाही, असे मी मानत नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या पायाखालचे पेडल तुम्ही असेच खाली नेले आहे. तुम्ही म्हणालात, "या गाडीचा ब्रेक फार कडक आहे." मी म्हणाले, "हो बाबा, इथले ब्रेक कडकच असतात." आणि आपण दोघे कॉफी प्यायला गेलो.

त्या बाईने जाताना आपल्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आपल्याला हिरवा आहे, म्हणजे आपल्याला कोणी मारणार नाही, इतका बावळट विश्वास या शहराच्या लोकांचा असतो. मला त्याची कीव येते. आणि त्या बाईचा तो बावळट विश्वास माझ्या एका पायावर उभा होता.

डोळे तपासून घ्या. समोरच्या तक्त्यावरची अक्षरे वाचून दाखवण्याची तपासणी नव्हे. दृष्टीच्या कडा तपासतात ती.

मुलगी


५ मार्च

बाबा,

तुमचे कार्ड आणि त्यासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र मिळाले. 'डोळे तिशीतले आहेत. आता तुझा फळा पुसून टाक,' असे तुम्ही लिहिले आहे.

तपासणी कशी झाली ते दादाने सांगितले. या वेळी तो एकदाही शिंकला नाही, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवते. डॉक्टर तुमचे विद्यार्थी. तुम्हाला पाहताच खुर्चीतून उठले. "मास्तर, तुमचे डोळे मी काय तपासायचे? तुम्ही तर मला मागचंसुद्धा बघायला शिकवलंत!" मग चहा आला. मग तुम्ही समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलात. मग त्यांनी सही केली. कडेची तपासणी करणारे यंत्र शेजारच्या खोलीत होते, त्यावर आच्छादन होते आणि ते काढण्याचा उद्धटपणा करावा असे कोणालाही वाटले नाही.

इतके दिवस मी तुम्हाला या शहराचे अहवाल धाडले. आज आपल्या शहराचा धाडते, कारण माझ्या तिरस्काराचा मोठा साठा मी चुकीच्या ठिकाणी खर्च करत होते असे लक्षात आले आहे.

दादाने आणखी एक गोष्ट सांगितली. आपली गाडी गल्लीत वळताना दिसली, की औषधवाले बाहेरची खुर्ची आत घेतात. पाववाला हातगाडी पलीकडे नेतो. चौकातला हवालदार डाव्या बाजूच्या लोकांना हाताने मागे सारतो आणि तुम्हाला सलाम करतो. खांबाला पांढरा रंग दिला आहे. कोणी कोणाला सांगितले नाही, सभा भरली नाही, पण अख्खी गल्ली तुमच्यासाठी डावी बाजू रिकामी करते. सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त तुम्हाला ठाऊक नाही, असे त्यांनी सर्वांनी मिळून ठरवले आहे.

आपल्या शहराचे हे असे आहे. तिथे कोणी कळवत नाही, सगळे सांभाळून घेतात. आणि मग संध्याकाळी कट्ट्यावर बसून दुसऱ्या शहराला माणुसकी नाही म्हणतात. बाबा, ही माणुसकी नव्हे. माणुसकीला जरा तरी मेहनत पडते. तुमच्यासमोर उभे राहून 'मास्तर, आता पुरे' एवढे तीन शब्द उच्चारण्याचा ज्यांना कंटाळा आहे, त्यांनी त्यापेक्षा खुर्ची उचलणे सोपे म्हणून खुर्ची उचलली आहे. गल्लीतल्यांना तुमची गाडी ओळखता येते, म्हणून ते वाचतात. ज्याला ओळखता येणार नाही असा कोणी परगावचा, तुमच्या लाडक्या शब्दांत सांगायचे तर एखादा भाडेकरू, एक दिवस त्या रिकाम्या बाजूने चालत येईल. आपल्या रस्त्यात एवढी मोकळी जागा पाहून त्याला बरेसुद्धा वाटेल.

दादा तुम्हाला काही बोलणार नाही. त्याला मी दोष देत नाही. मीही कॉफी प्यायले होते.

म्हणून आता स्पष्ट लिहिते. या शहराच्या वाहन कार्यालयात दृष्टीच्या कडा तपासतात. कोणालाही, कुठल्याही गावच्या माणसाला. तिथे तुमचा एकही विद्यार्थी नाही. तुम्हाला पाहून कोणी खुर्चीतून उठणार नाही. या शहराचा मला आजवर सापडलेला हा एकमेव उपयोग आहे, तो मी तुम्हाला भेट देते. मी सोबत येणार नाही, कोणाला माझे नाव सांगणार नाही. या आणि तपासून घ्या. डोळे खरोखर तिशीतले निघाले, तर मी माझा फळा पुसेन, कट्ट्यावर येऊन तुमची माफी मागेन आणि चिरंजीवांच्या पाटीला स्वतः रंग देईन.

महिनाअखेरपर्यंत आला नाहीत, तर मी तुमच्या परवाना कार्यालयाला लेखी कळवीन. निनावी नव्हे. खाली नाव घालून, आणि नात्याच्या रकान्यात 'मुलगी' असे लिहून. कळवायचे कसे ते मी वरच्या मजल्यावरच्या बाईंकडून शिकले आहे. यानंतर तुम्ही माझे तोंड पाहणार नाही, हे मी हिशेबात धरले आहे.

मुलगी


२ एप्रिल

बाबा,

महिना संपला. परवा रात्री मी कार्यालयाला लिहायचे पत्र घेऊन बसले, ते काल सकाळी पूर्ण झाले आणि टपालात टाकण्यासाठी खाली उतरले. दारात आपली गाडी उभी होती.

आधी मला ती आपली वाटेना. छतावरची पाटी पाहिली तेव्हा पटले. मागचे चाक फुटपाथवर, पुढचे रस्त्यात, डावा आरसा मिटलेला. आत कोणी नव्हते. मी चारही बाजूंनी फिरून पाहिले. तुम्ही शिकवता तसे, निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी. मग तिथेच फुटपाथच्या कडेवर बसले आणि बराच वेळ उठले नाही. या शहरात फुटपाथवर बसलेल्या बाईला कोणी 'काय झालं गं?' म्हणून विचारत नाही. पहिल्यांदाच मला ते सोयीचे वाटले.

तुमचे कार्ड दुपारच्या टपालाने आले. त्यातला मजकूर मी इथे पुन्हा उतरवते, कारण इतका अचूक अहवाल मला एकदाही लिहिता आला नाही:

'तुझ्या शहरातली तपासणीवाली मुलगी अत्यंत उद्धट आहे. म्हणाली, समोरच्या ठिपक्याकडे बघा आणि कडेला दिवा दिसला की बटण दाबा. मी दाबत होतो. म्हणाली, आजोबा, दिवा नसतानाही दाबताय. मी म्हटले, बाई, मी अर्ध्या शहराला गाडी शिकवली आहे. म्हणाली, कुठल्या? मी सांगितले. म्हणाली, बरं, डावीकडचं पुन्हा करू. पुन्हा केले. मग म्हणाली, आजोबा, तुम्ही गाडी चालवू नका. आजपासून. घरी कसे जाणार आहात? एवढे सगळे एका दमात. चहासुद्धा विचारला नाही. गाडी तुझ्या दारात लावली आहे. क्लच जरा वरून धरतो. मी बसने जातो.'

तुम्ही इथवर आलात कसे, हे मी विचारणार नाही. विचारले तर तुम्ही खरे सांगाल आणि मग मला झोप लागणार नाही. त्या कार्यालयातून माझ्या दारापर्यंत कसे आलात हेही विचारणार नाही. ते वळण डावीकडचे आहे. मी घरात होते, बाबा. तुम्ही वर का आला नाहीत, हे मला कळते. एवढ्या लहान खोलीत तुम्हाला वळायला जागा नसती.

कार्यालयाला लिहिलेले पत्र टाकले नाही. त्याची गरज उरली नाही, हे तुम्ही ठरवलेत, मी नव्हे.

आता व्यवहाराचे. दादाशी बोलले. गाडी मी दर शनिवारी तिकडे घेऊन येईन. शिकाऊ मुलांना रस्त्यावर मी नेईन, वर्ग तुम्ही घ्या. क्लच आणि गिअर यांचा संबंध तुमच्यासारखा समजावणारा माणूस दोन्ही शहरांत नाही. हे मी शपथेवर सांगते, आणि या शहराच्या नव्या शिक्षकांना शिकवण्याची जबाबदारी गेल्या वर्षापासून माझ्याकडे असल्यामुळे अधिकाराने सांगते. (ही बातमी तुम्हाला कळवायची राहिली होती. तुम्ही हिणवाल म्हणून राहिली होती. आता हिणवा.) पाटीवर काय लिहायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. गल्लीला मात्र मीच सांगणार आहे. औषधवाल्यांनी खुर्ची बाहेर ठेवावी. हवालदाराने सलाम ठेवावा, पण लोकांना मागे सारू नये. डॉक्टरांकडे स्वतः जाऊन त्या यंत्रावरचे आच्छादन काढायला लावणार आहे. तुमच्या उजव्या बाजूच्या कडा अजून शाबूत आहेत आणि औषधाने त्या राखता येतात का, हे कळायला हवे. त्यांनी चहा विचारला तर घेणार नाही.

काल संध्याकाळी दार वाजले. वरच्या मजल्यावरच्या बाई होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"खाली एक गाडी वाकडी लागलीय," त्या म्हणाल्या. "परगावची दिसते. तुमच्याकडचं कोणी आलं होतं का?"

"माझे वडील."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. या शहरात असे पाहत नाहीत.

"मग आज कळवत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या मात्र कळवीन हं."

मी रात्रीच गाडी सरळ लावली. असल्या लोकांचे उपकार कोण घेणार?

रविवारी या. बस आपल्या चौकातून सुटते आणि माझ्या दारासमोर थांबते. ती कोणासाठी थांबून राहत नाही, धावत येणाऱ्याकडे चालक ढुंकूनही पाहत नाही, तेव्हा जरा आधी निघा. आणि बसल्यावर डावीकडची खिडकी घेऊ नका, उजवीकडची घ्या. या शहरात पाहण्यासारखे काहीही नाही, पण निदान ते सगळे तुम्हाला दिसेल.

मुलगी